स्पर्धा परीक्षेची तयारी आणि सकारात्मक वाक्यं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात सदाशिव पेठ, नारायण पेठ, शास्त्री रस्ता या भागातल्या कुठल्याही अभ्यासिकेत गेलात तर टेबलासमोरच्या फळीवर चिकटवलेले कागद दिसतात. वेळापत्रक असतं, महाराष्ट्राचा नकाशा असतो आणि बहुतेकदा मोठ्या अक्षरात एखादं वाक्य असतं. 'मी उपजिल्हाधिकारी होणारच.' 'आता नाही तर कधीच नाही.' अशा वाक्यांना हल्ली सगळे अफर्मेशन म्हणतात. मुलं-मुली आणि त्यांचे पालक त्यांच्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. उदाहरणं राज्यसेवेच्या, म्हणजे एमपीएससीच्या अधिकारीपदांच्या परीक्षेच्या, तयारीतली आहेत, पण सरळसेवा, पोलीस भरती किंवा बँकेच्या परीक्षा देणाऱ्यांनाही ती लागू पडतील.

माझं मत आधीच सांगून टाकते. ही वाक्यं उपयोगी आहेत, पण फळीवर सहसा चुकीचं वाक्य चिकटवलेलं असतं. निकालाबद्दलचं वाक्य माणसाला थकवतं. आज काय करायचं आहे आणि आपल्याला कशाची किंमत वाटते, याबद्दलचं वाक्य माणसाला उभं ठेवतं.

अशा वाक्यांनी खरंच काही होतं का, की नुसतं मनाचं समाधान?

होतं. फक्त काय होतं आणि काय होत नाही, ते नीट समजून घ्या. वाक्य म्हटल्याने पंचवार्षिक योजना पाठ होत नाहीत आणि कटऑफही खाली येत नाही. पण ताण वाढला की माणूस टेबलापासून पळतो. टपरीवर एका चहाचे दोन होतात, आन्सर कीवर तासभर चर्चा रंगते, टेलिग्रामवरचे ग्रुप चाळण्यात संध्याकाळ जाते. योग्य वाक्य त्या ताणाची धार कमी करतं आणि आपण खुर्चीत परत येऊन बसतो. दोन-तीन वर्षं चालणाऱ्या तयारीत हे काम लहान नाही.

शिवाय स्वतःशी बोलणं कुणालाच टळत नाही. 'माझ्याच्याने नाही होणार' हेही एक वाक्यच आहे, आणि ते आपण कुणी न सांगता दिवसभर घोकत असतो. तेव्हा बोलायचंच आहे, तर विचार करून बोलावं.

ही पद्धत आली कुठून?

आज ज्या रूपात ती दिसते त्याचं श्रेय मुख्यतः फ्रान्समधल्या एमिल कुए (१८५७–१९२६) यांना जातं. ते त्र्वा गावात औषधविक्रेते होते. औषध देताना त्याची तारीफ केली की रोग्यांना जास्त गुण येतो, हे त्यांच्या लक्षात आलं. पुढे नान्सी शहरात ते लोकांना स्वयंसूचना शिकवू लागले. 'दिवसेंदिवस, सर्व बाबतींत, मी अधिकाधिक बरा होत चाललो आहे' अशा अर्थाचं वाक्य सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना वीस वेळा पुटपुटायचं, मोजणीसाठी वीस गाठींची दोरी हातात धरायची. त्यांचा आग्रह असा होता की वाक्य जोर लावून म्हणू नये. इच्छाशक्ती आणि कल्पना यांची झुंज लागली की कल्पनाच जिंकते, असं ते सांगत. ही त्यांची सर्वांत मोलाची शिकवण होती, आणि पुढच्या प्रचारात हीच मागे पडली.

आपल्याकडे या गोष्टीचं कुणाला नवल वाटायचं कारण नाही. तिन्हीसांजेला वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, हे ऐकतच आपण वाढलो. योगनिद्रेत सुरुवातीला आणि शेवटी एक छोटा संकल्प मनात म्हणायचा असतो. मुंगेरच्या बिहार योग विद्यालयाचे स्वामी सत्यानंद सरस्वती यांनी ही पद्धत देशभर आणि परदेशातही पोहोचवली.

मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत हा विषय थोड्या वेगळ्या वाटेने आला. अमेरिकेतल्या क्लॉड स्टील यांनी १९८८ साली मांडलं की माणसाला आपण एकूणात चांगलं आणि समर्थ माणूस आहोत ही भावना जपायची असते. एका ठिकाणी ठेच लागली, तर आयुष्यातल्या दुसऱ्या बाजूची आठवण त्याला सावरते. खाली मूल्यांबद्दल लिहिण्याचा जो उपाय दिला आहे, त्याचं मूळ इथे आहे.

मी रोज 'मी अधिकारी होणारच' म्हणतो, पण म्हणताना आतून 'कशावरून?' असं उत्तर येतं. माझा विश्वास कमी पडतोय का?

नाही. वाक्य बेतायला चुकलंय.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात काही जणांना ठरावीक वेळाने घंटा वाजली की 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' असं स्वतःशी म्हणायला सांगितलं होतं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच चांगलं होतं, त्यांना किंचित बरं वाटलं. ज्यांचं मत वाईट होतं, त्यांना न म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त वाईट वाटलं. म्हणजे ज्यांना आधाराची सर्वांत जास्त गरज, त्यांच्यावरच वाक्य उलटलं.

असं का होतं, ते स्वतःकडे बघितलं तरी कळतं. पटत नसलेलं मोठं वाक्य कानावर पडलं की मन लगेच पुरावे काढायला लागतं. मागच्या पूर्व परीक्षेला किती मार्क पडले, सीसॅटला, म्हणजे तिथल्या गणित-उताऱ्यांच्या पेपरला, कसे अडकलो, रूममेटची पोस्ट निघाली, म्हणजे निवड झाली, आणि आपण इथेच. वाक्य दहा वेळा म्हटलं, तर हे पुरावेही दहा वेळा उजळून निघतात. त्यात 'होणारच' मधला 'च' तर फार महाग पडतो. लाखो अर्ज आणि काहीशे जागा असताना निकाल आपल्या एकट्याच्या हातात नसतो, हे मनाला पक्कं ठाऊक असतं.

म्हणून एक साधी परीक्षा घ्या. वाक्य मोठ्याने म्हणा आणि आतून काय उत्तर येतं ते ऐका. 'कशावरून?' आलं, तर वाक्य लहान करा. 'हो, एवढं खरं आहे' असं येईपर्यंत लहान करत जा. जिथे मन भांडायचं थांबेल, ते तुमचं आजचं वाक्य.

वाक्य तयार कसं करायचं? एखादं उदाहरण द्याल का?

चांगलं वाक्य शोधायला बसू नका. आधी वाईट वाक्य पकडा. सराव पेपर सोडवताना शेजारी एक कोरा कागद ठेवा आणि मनात जे जे येईल ते त्याच शब्दांत लिहा. तीन-चार पेपरांनंतर तीच ती वाक्यं फिरून येताना दिसतील.

समजा, एक मुलगी बीए करून हिंगोलीहून पुण्यात आली आहे. इतिहास आणि मराठी पक्कं, पण पूर्व परीक्षेच्या दुसऱ्या पेपरची, म्हणजे सीसॅटची, धडकी भरते. तिच्या कागदावर तीन वाक्यं आली : 'मला गणित येतच नाही', 'बाकीचे सगळे इंजिनीअर आहेत' आणि 'घरच्यांचे पैसे वाया घालवतेय'.

तिन्ही वाक्यं सारखीच टोचतात, पण त्यांची जात वेगळी आहे. त्यामुळे एकच 'मी हुशार आहे' तिन्हींना पुरणार नाही.

पहिलं वाक्य कौशल्याबद्दल आहे. त्याला मोजून उत्तर द्यायचं. तिने वही काढून बघितलं, तर शेकडेवारी आणि सरासरीची बहुतेक उदाहरणं बरोबर आली होती, काळ-काम-वेग मात्र अडत होतं. मग तिचं वाक्य असं होतं : 'शेकडेवारी, सरासरी मला येते. काळ-काम-वेगाची रोज दहा उदाहरणं सोडवतेय.' यात कुठेही फुगवलेलं काही नाही, म्हणून मन त्याच्याशी वाद घालत नाही.

दुसरं वाक्य तुलनेचं. इथे परीक्षेचा नियमच मदतीला येतो. राज्यसेवा पूर्वचा सीसॅट आता फक्त पात्रतेसाठी आहे. २०० पैकी ३३ टक्के गुण मिळवायचे, गुणवत्ता पहिल्या पेपरवर ठरते. तेव्हा : 'सीसॅटमध्ये मला कुणाला हरवायचं नाही. ३३ टक्के पार करायचे आहेत.' शेजारचा इंजिनीअर दीडशे काढो की एकशे ऐंशी, तिचं काही जात नाही. नुसतं खरं वाक्य शोधलं तर किती हलकं वाटतं, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

तिसऱ्या वाक्याला वाक्याने उत्तर देऊ नये. ते अपराधीपण आहे आणि त्यामागे खरा व्यवहार आहे : खोलीतल्या एका कॉटचं भाडं, मेस, अभ्यासिकेची फी. घरी फोन करून किती महिने, किती पैसे आणि त्यानंतर काय, हे स्पष्ट बोलून घ्यावं. जिथे निर्णय घ्यायला हवा तिथे सकारात्मक वाक्याची मलमपट्टी करू नका.

'जर–तर' पद्धतीची वाक्यं ऐकली आहेत. ती वेगळी आहेत का?

वेगळी आहेत, आणि माझ्या मते अभ्यासासाठी सर्वांत उपयोगी आहेत. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी ती मांडली. नुसतं 'मी रोज अभ्यास करीन' म्हणण्याऐवजी प्रसंग आणि कृती एकमेकांना बांधून टाकायची. २००६ साली त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी अशा ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, त्यात परिणाम चांगला ठळक दिसला.

'दुपारी जेवून मेसमधून निघालो की खोलीवर न जाता थेट अभ्यासिकेत जाईन.'
'उतारा वाचून डोकं बधिर झालं, की आधी त्याखालचे प्रश्न वाचीन.'
'हात फोनकडे गेला, की फोन बॅगेत टाकून पुढचं पान उलटीन.'

प्रसंग जितका नेमका, तितकं वाक्य पक्कं बसतं. 'वेळ मिळाला की' हा प्रसंग नव्हे.

स्वतःला 'मी' म्हणायचं, 'तू' म्हणायचं की नावाने हाक मारायची?

ताण असेल तेव्हा 'तू' किंवा नाव. मिशिगन विद्यापीठातल्या ईथन क्रॉस यांनी २०१४ साली दाखवलं की भाषणासारख्या घाबरवणाऱ्या प्रसंगाआधी स्वतःचं नाव घेऊन किंवा 'तू' म्हणून स्वतःशी बोललेले लोक 'मी मी' म्हणणाऱ्यांपेक्षा कमी घाबरले आणि कामही बरं केलं. थोडं अंतर पडतं आणि आपण स्वतःला मित्रासारखा सल्ला देऊ लागतो. समर्थ रामदासांनी मनाचे २०५ श्लोक रचताना 'मना' अशी हाक मारली, तीही हेच अंतर ठेवून. मन समोर बसवायचं आणि त्याला समजावायचं.

मराठीत म्हणावं की इंग्रजीत?

ज्या भाषेत आई रागावते त्या भाषेत. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, जी असेल ती. रीलवरून उचललेलं चकचकीत इंग्रजी वाक्य फळीवर छान दिसतं, पण रात्री अकरा वाजता मन त्या भाषेत बोलत नाही.

किती वेळा म्हणायचं? एकवीस दिवसांत सवय लागते म्हणतात, ते खरं का?

एकवीस दिवसांचा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या लिखाणातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रोग्यांना निदान एकवीस दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. ते १९६० साली छापलं गेलं आणि पुढे त्यातला 'निदान' गळून पडला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर प्रत्यक्ष अभ्यास केला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, आणि माणसागणिक तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरला होता. एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. तेव्हा बाविसाव्या दिवशी काही वाटत नसेल तर घाबरू नका, आणि एक दिवस राहिला म्हणून पहिल्यापासून सुरू करू नका.

किती वेळा यापेक्षा कधी हे महत्त्वाचं. आधीपासून रोज जे करता त्याला वाक्य जोडून द्या. टेबलावर बॅग उघडताना, सकाळचा पहिला चहा हातात घेताना. हाताने वहीत एकदा लिहिलं तरी पुरे. शंभर वेळा घोकलं की वाक्यातला अर्थ निघून जातो आणि नुसता आवाज उरतो.

मूल्यांबद्दल लिहिणं म्हणजे काय? ते कसं करतात?

हा प्रश्न खरं तर सगळ्यांनी विचारायला हवा, पण फार थोडे विचारतात.

२००६ साली जेफ्री कोहेन, हुलिओ गार्सिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका शाळेतला प्रयोग प्रसिद्ध केला. सातवीच्या मुलांना मूल्यांची यादी दिली : मैत्री, कुटुंब, कला, खेळ अशी. त्यातलं स्वतःला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं निवडायचं आणि ते का महत्त्वाचं, हे सुमारे पंधरा मिनिटं लिहायचं. आफ्रिकी-अमेरिकी मुलांचे गुण त्या सत्रात सुधारले. गोऱ्या मुलांच्या आणि त्यांच्या गुणांतली दरी सुमारे ४० टक्क्यांनी घटली. 'आपल्यासारख्यांना हे जमत नाही' हा डाग ज्या मुलांच्या डोक्यावर सतत असतो, त्यांना त्याचा फायदा झाला. पुढे इतर शाळांत केलेल्या प्रयोगांत परिणाम बराच कमी दिसला, काही ठिकाणी दिसलाच नाही. त्यामुळे ही जादू समजू नका. पण पंधरा मिनिटं आणि एक वही, एवढाच खर्च आहे, आणि मागची कल्पना आपल्या मुलांना अगदी लागू पडते.

गावाहून आलेल्या मुलाची ओळख पुण्यात आल्यावर हळूहळू एकाच गोष्टीपुरती उरते. तो 'एमपीएससी करणारा' होतो. लग्नात, सप्ताहात, एसटीत, कुठेही भेटलं की लोक विचारतात, 'मग, कुठवर आलंय?' सगळं माणूसपण एका निकालाला बांधलं गेलं, की प्रत्येक सराव पेपर हा स्वतःच्या लायकीचा पंचनामा होतो. मग पेपर तपासायचीच भीती वाटायला लागते, आणि जो पेपर तपासत नाही तो सुधारत नाही.

म्हणून महिन्यातून एकदा, किंवा मोठ्या सराव पेपराच्या आदल्या संध्याकाळी, पंधरा मिनिटं लिहा. अट एकच : परीक्षेबद्दल लिहायचं नाही. कुणी आजीबद्दल लिहील, जिने शाळेत नाव घातलं. कुणी भजनात पखवाज वाजवण्याबद्दल, कुणी मित्राच्या वडिलांना दवाखान्यात नेलं त्या रात्रीबद्दल, कुणी दुष्काळात विहीर खोदताना गावाने एकत्र येण्याबद्दल. गोष्ट नेमकी लिहा : कोण होतं, काय झालं, मला ते का महत्त्वाचं वाटतं. 'प्रामाणिकपणा मला आवडतो' असं गोल लिहिलं तर उपयोग नाही. लिहिलेलं कुणाला दाखवायचं नाही, शुद्धलेखन बघायचं नाही, मुख्यच्या निबंधाचा सराव म्हणून तर मुळीच लिहायचं नाही.

डोळे मिटून निकाल लागलेला, सत्कार होत असलेला, लाल दिव्याची गाडी आलेली बघावी का?

लाल दिवे तर १ मे २०१७ पासून गेले, स्वप्नातून मात्र अजून गेलेले नाहीत! गंभीरपणे सांगायचं तर असं बघणं आनंद देतं आणि अंगातला जोर कमी करतं. गॅब्रिएले ओटिंगन आणि हीदर कॅपेस यांच्या २०११ सालच्या प्रयोगांत इच्छा पूर्ण झाल्याची गोड कल्पना केलेल्यांच्या अंगातली उमेद उलट उतरलेली दिसली. मिळाल्यासारखं वाटलं की शरीर सैलावतं.

शेली टेलर आणि लिएन फॅम यांनी १९९९ साली परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्यांवरच अभ्यास प्रसिद्ध केला होता. एका गटाने चांगले गुण मिळाल्याचं दृश्य रोज डोळ्यांसमोर आणलं, दुसऱ्याने त्यासाठी अभ्यास करतानाचं. दुसऱ्या गटाने जास्त तास अभ्यास केला आणि गुणही जास्त मिळवले. म्हणून डोळे मिटायचेच तर उद्या सकाळचे साडेसात बघा : दप्तर टेबलावर, राज्यघटनेचं पुस्तक उघडं, पहिला पाऊण तास फोन बंद. त्यात अडथळा काय येईल तेही बघा, आणि त्यासाठी वरचं जर–तर वाक्य तयार ठेवा.

पेपर हातात आला की हात थरथरतात. तेव्हा काय म्हणू?

'शांत हो, शांत हो' म्हणू नका. धडधडतं काळीज हुकमाने शांत होत नाही. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ साली गाणं, भाषण आणि गणिताची चाचणी अशा तिन्ही ठिकाणी पाहिलं, की भीतीलाच उत्साहाचं नाव देणारे शांत व्हायला धडपडणाऱ्यांपेक्षा सरस ठरले. छाती दोन्हींत तशीच धडधडते. 'अंगात जोर आलाय, लागू दे कामाला' असं काहीतरी तुमच्या तोंडी बसेल असं ठेवा.

पेपर सुरू झाल्यावर मात्र प्रोत्साहनाची वाक्यं थांबवा आणि सूचनेची सुरू करा. खेळाडूंच्या स्वसंवादावरच्या अभ्यासांचा २०११ साली एकत्रित आढावा घेतला गेला, त्यातही नाजूक, अचूक कामांना सूचनेची वाक्यं जास्त मानवतात असं दिसलं. पूर्वचा पहिला पेपर म्हणजे दोन तासांत १०० प्रश्न आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे पाव गुण वजा. तिथे लागणारी वाक्यं अशी :

'विधान पूर्ण वाच.'
'अयोग्य विचारलंय की योग्य? खाली रेघ मार.'
'दोन पर्याय कापले? मग ठरव. एकही कापता येत नाही? पुढे चल.'
'प्रश्न क्रमांक बघ, मग गोल भर.'

ज्याला सगळे सिली मिस्टेक म्हणतात, त्यातल्या कितीतरी चुका पहिल्या दोन वाक्यांनी वाचतात. ती सराव पेपरातच तोंडात बसवून घ्यावी लागतात, परीक्षेच्या दिवशी नवी म्हणून आठवत नाहीत.

यादीत नाव नाही आलं. आता कुठलं वाक्य?

पहिले काही दिवस कुठलंच नाही. जेवा, झोपा, घरी फोन करा, रडायला आलं तर रडा. दुःखावर लगेच सकारात्मक वाक्य चढवणं ही स्वतःवरची जबरदस्ती आहे.

त्यानंतर स्वतःशी तसं बोला, जसं नापास झालेल्या जवळच्या मित्राशी बोलाल. त्याला तुम्ही 'तू आळशीच आहेस' म्हणाल का? अमेरिकेतल्या क्रिस्टिन नेफ यांनी २००३ पासून स्वतःबद्दलच्या करुणेवर काम केलं आहे. आपल्याला वाटतं की स्वतःला माफ केलं तर आपण ढिले पडू. बर्कलीतल्या ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी २०१२ साली उलटं दाखवलं : अवघड चाचणीत अपयश आल्यावर ज्यांना स्वतःकडे मायेने बघायला सांगितलं, त्यांनी पुढच्या चाचणीसाठी जास्त वेळ अभ्यास केला.

'हे मला लागलंय, आणि लागणारच. माझ्यासारखे हजारो आज असेच बसले आहेत. सोमवारी मार्कशीट घेऊन बसेन.' एवढं पुरतं. सोमवारच्या आधी पुढच्या अटेम्प्टचा निर्णय घेऊ नका, आणि थांबायचा निर्णय झाला तर तोही अपयश मानू नका. प्लॅन बी आधीपासून तयार ठेवणाऱ्याचा आत्मविश्वास कमी आहे असं म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा.

आम्ही पालक आहोत. 'तू नक्की होशील' म्हणतो, त्याने धीर मिळतो ना?

तुम्ही मायेनेच म्हणता. पण पलीकडे ते 'झालंच पाहिजे' असं ऐकू जातं. त्याऐवजी जे दिसतं ते बोला : 'एवढे महिने नेटाने बसलायस, आम्हाला दिसतंय.' आणि वर्षातून एकदा तरी, निकालाच्या दिवसाची वाट न बघता, सरळ सांगा : 'पोस्ट निघो न निघो, घर तुझंच आहे.' हे आई-वडिलांच्या तोंडून एकदा ऐकलेल्या मुलाला फळीवर फारसं काही चिकटवावं लागत नाही. रोजच्या फोनवर अभ्यासाच्या आधी जेवणाची चौकशी करा.

मी रोज नामस्मरण करतो. त्यातच हे आलं का?

नाम घेतल्याने मन स्थिर होत असेल तर ते चालूच ठेवा, बदलू नका. फक्त काळ-काम-वेगाची दहा उदाहरणं सोडवायचं वाक्य त्याच्या शेजारी स्वतंत्र ठेवा.

झोप लागत नाही, कशातच रस वाटत नाही, जगू नये असं वाटतं. वाक्यांनी बरं वाटेल का?

नाही, आणि वाट बघू नका. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन असं उतरलेलं असेल, झोप-भूक बिघडली असेल, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. जवळच्या सरकारी किंवा खासगी रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जीव द्यावासा वाटत असेल तर आत्ताच कुणाला तरी सांगा, आणि १४४१६ वर फोन करा. ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे. ती २०२२ साली सुरू झाली. चोवीस तास चालते, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. रूममेट असं काही बोलला तर ते थट्टेवारी नेऊ नका. त्याच्याजवळ थांबा, त्याला एकटं सोडू नका, आणि फोन तुम्ही लावून द्या.

एकदा ठरवलेलं वाक्य बदलायचं कधी?

वाचूनही दिसेनासं झालं की. फळीवरचा कागद काही आठवड्यांनी भिंतीचाच भाग होतो. तसंच, वाक्य खरं होऊन गेलं की त्याचं काम संपतं. काळ-काम-वेग जमायला लागलं, तर तो कागद काढा आणि आता जिथे अडतंय तिथलं वाक्य लिहा.

टप्पा बदलला की वाक्यंही बदलतात. पूर्वला 'पुढे चल' लागतं. मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, तिथे 'पहिलं वाक्य लिही, बाकीचं येईल' हे कामाचं, कारण कोऱ्या पानासमोर वेळ जातो. मुलाखतीला सर्वांत उपयोगी वाक्य वेगळंच आहे : 'सर, याचं उत्तर मला माहीत नाही.' ते न अडखळता, मान खाली न घालता म्हणता आलं पाहिजे. मित्राला समोर बसवा, त्याला तुमच्या जिल्ह्याबद्दल अवघड प्रश्न विचारायला सांगा, आणि हे वाक्य आवाज न पडता येईपर्यंत म्हणून बघा.